पोथ्यांना हवा दाखवणारी तिथी

बुरशीवर लिहायचं तर सुरुवात कोकणातून करावी, सोलापुरातून नव्हे, असं कुणीही म्हणेल. सोलापूर पर्जन्यछायेतलं शहर. वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा; एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून बसलेला. आषाढात महाबळेश्वर धुक्यात बुडालेलं असतं तेव्हा इथला शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. सोलापूरचा खरा पाऊस सप्टेंबरातला, परतीच्या वाटेवरचा. इथे पापड सादळायलाही भाद्रपद उजाडावा लागतो. अशा गावातल्या माणसांनी दूरच्या एका दमट गावातल्या जीर्ण पोथ्यांचा घोर लावून घ्यावा, त्यासाठी वर्गणी गोळा करावी आणि लेखनिक नेमावेत, हे चटकन पटत नाही. पण ते घडलं. ते समजून घ्यायचं तर आधी ज्येष्ठ महिन्यातली एक तिथी पाहायला हवी.

ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही दिगंबर जैनांची श्रुतपंचमी. सोलापुरात हा समाज मोठा आहे आणि जुना आहे. या दिवशी मंदिरातली ग्रंथांची कपाटं उघडतात. पोथ्या बाहेर येतात, वेष्टनं सोडली जातात, धूळ झटकली जाते, पानांना हवा लागते, जुनं वस्त्र काढून नवं गुंडाळलं जातं आणि मग त्या ग्रंथांची पूजा होते. परंपरा सांगते ती कथा अशी : गिरनारच्या गुहेत राहणाऱ्या धरसेनाचार्यांना वाटलं, तोंडी चालत आलेलं ज्ञान आता माणसांच्या स्मरणातून निसटत चाललंय. त्यांनी दक्षिणेतून दोन मुनी बोलावून घेतले, पुष्पदंत आणि भूतबली. त्यांना शिकवलं. त्या दोघांनी ते सूत्रबद्ध करून लिहून काढलं, तो ग्रंथ म्हणजे ‘षट्खंडागम’, आणि तो पुरा झाला ती तिथी ज्येष्ठ शुद्ध पंचमी.

कथेचा भाग श्रद्धेचा. तिथीचा भाग मात्र व्यवहाराचाही आहे. ही पंचमी मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये येते, म्हणजे मृग नक्षत्राच्या आगेमागे. हवा अजून कोरडी असते, पाऊस उंबरठ्यावर असतो. वर्षभर बंद राहिलेलं कपाट उघडून झाडून घ्यायला याहून चांगला मुहूर्त नाही. श्वेतांबर जैनांची ज्ञानपंचमी येते कार्तिक शुद्ध पंचमीला, दिवाळी उरकल्यावर. तेव्हा पाऊस संपलेला असतो आणि चार महिन्यांत जी ओल मुरली असेल ती बाहेर घालवायची असते. एका पंथाने पावसाच्या अलीकडची तिथी धरली, दुसऱ्याने पलीकडची. दोन्ही पंचांगांत ग्रंथभांडाराच्या साफसफाईचा दिवस पक्का झाला आणि तो चुकवणं अधर्माचं ठरलं.

हे शहाणपण आपल्याकडेच होतं असं नाही. जपानमध्ये नारा इथल्या शोसोइन या आठव्या शतकातल्या कोठाराचं दार वर्षातून एकदा, शरद ऋतूत, रीतसर उघडलं जातं, आतल्या वस्तूंना वारा दिला जातो आणि तपासणी होते. चीनमध्ये सहाव्या महिन्याच्या सहाव्या दिवशी कपडे आणि पुस्तकं उन्हात घालायची रीत होती. आपल्या मराठी घरांतही दसऱ्याला पोथ्या-पुस्तकं काढून पुसतात, पाटीवर सरस्वती काढतात. तोही मुहूर्त पाऊस सरतानाचाच.

बुरशीचे कण हवेत सगळीकडे असतात. सोलापुरात असतात, रत्नागिरीत असतात, सहाराच्या वाळवंटातही असतात. ते रुजायला तीन गोष्टी लागतात : हवेतली आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर काही दिवस टिकलेली, वारा खेळत नसलेली जागा आणि खायला काहीतरी. म्हणून कोरड्या गावातही भिंतीला टेकलेल्या कपाटात, गळक्या छपराखालच्या पेटीत, फडताळाच्या तळाच्या कप्प्यात बुरशी धरते. बाहेर धूळ उडत असते आणि आतला गठ्ठा कुबट वास मारत असतो. पावसाचे आकडे शहराचे असतात. बुरशीला आठ बोटांची कोंदट जागा पुरते.

खाण्याचं म्हणाल तर ते माणूसच वाढून ठेवतो. त्याचं नाव खळ.

सोलापूरकरांना खळ सांगावी लागत नाही. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी सुरू झाली, तीच पुढे जुनी मिल म्हणून ओळखली गेली. इथले माग त्या आधीपासून चालत होते आणि अजूनही चालतात. मागावर चढणाऱ्या ताण्याच्या सुताला खळ दिल्याशिवाय ते टिकत नाही. कारखान्यांत त्याच कामाला सायझिंग म्हणतात. जिल्ह्यातल्या घोंगड्यांना चिंचोक्याची खळ. आणि खळ म्हटली की बुरशीची भीती आलीच. एकोणिसाव्या शतकात लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी याचा चांगलाच धडा घेतला. कापड जड दिसावं म्हणून ते पिठाची दाट खळ भरत, आणि हिंदुस्थान-चीनच्या दिशेने निघालेल्या गाठी जहाजातून उतरवल्या की ठिपक्यांनी माखलेल्या निघत. मग खळीत जस्ताचा क्षार, झिंक क्लोराइड, मिसळायला सुरुवात झाली. १८७०च्या दशकात इंग्लंडात या विषयावर ग्रंथ निघू लागले आणि व्यापाऱ्यांचे खटलेही उभे राहिले.

जुन्या हातकागदाची गोष्ट वेगळी नाही. मराठी दप्तरांत जो कागद भेटतो तो बराचसा जुन्नरचा किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा. चिंध्या, ताग, जुनी दोरखंडं कुटून लगदा करायचा, साच्यावर पाण्यातून ताव उचलायचा, भिंतीवर वाळवायचा. एवढ्याने झालेला कागद टीपकागदासारखा शाई पितो. म्हणून त्यावर पिठाची खळ चढवत आणि गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने तो घोटत. घोटलेल्या कागदावर बोरू सरसर चालतो. शाई काजळाची, बांधणीला डिंक. काजळ म्हणजे शुद्ध कार्बन, त्याचा रंग शतकानुशतकं उडत नाही. तीनशे वर्षांपूर्वीची मोडीतली ओळ आजही काळीभोर दिसते ती त्यामुळे. पण खळ आणि डिंक हे दोन्ही बुरशीचे आवडते पदार्थ. शिवाय डिंक पाण्यात विरघळतो, म्हणजे ओल्या फडक्याने बुरशी पुसायला गेलं की बुरशीबरोबर अक्षरही जातं.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’त एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं असावं, समास किती सोडावा, शाई-कागद कसे असावेत इथपासून तो सुरू होतो आणि ग्रंथ कसा जपावा इथपर्यंत येतो. जपणुकीच्या यादीत बासनं आहेत, मेणकापड आहे, शेंदूर आहे, पेट्या-कुलपं आहेत. मेणकापडाने पाणी आत शिरत नाही. शेंदूर हे शिशाचं विषारी ऑक्साइड, किडे त्याच्या वाटेला जात नाहीत. चीनमध्ये क्वांगतुंग प्रांतातले पुस्तकवाले याच शिशाच्या रंगाने रंगवलेला नारिंगी कागद पुस्तकाच्या आरंभी आणि अखेरीस घालत, तोही किडींसाठीच. हस्तलिखितांच्या शेवटी लेखनिक एक विनवणी लिहीत असत. तिथे पोथीच बोलते : तेलापासून सांभाळा, पाण्यापासून सांभाळा, सैल बांधणीपासून सांभाळा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. चार शत्रूंमध्ये पाणी दुसरं आहे आणि मूर्ख शेवटचा.

पेशवाईतली व्यवस्था रुमालांची. चौकोनी कापडाच्या तुकड्यात कागदांचा गठ्ठा ठेवायचा, चारी कोपरे दुमडून गाठ मारायची. आज कुणाला ते गबाळं वाटेल, पण सुती कापड श्वास घेतं. आतली ओल हळूहळू बाहेर पडते, धूळ बाहेर राहते. घट्ट बांधणीमुळे पानांच्या मध्ये दमट हवा साठत नाही. रुमालात वेखंडाचे तुकडे, कडुनिंबाचा वाळलेला पाला, कधी तंबाखू ठेवत. या वस्तू कसर आणि झुरळांसाठी उपयोगी. बुरशीपुढे त्यांचं फारसं चालत नाही. उलट पाला नीट वाळलेला नसला तर तोच ओल घेऊन येतो. बुरशीला उपाय एकच होता, गाठ सोडून गठ्ठा पसरणं. आणि तेच काम कारभारी टाळत.

ताडपत्राचं तंत्र याहून निराळं. तिथे खळ नाही, लगदा नाही. पण दक्षिणेच्या किनाऱ्यावर ताडपत्राला दमटपणा, किडे आणि ठिसूळपणा तिन्ही छळतात. म्हणून ताडपत्राला अधूनमधून गवती चहाच्या जातीच्या गवताचं तेल चोळायचं, काजळी भरून अक्षर पुन्हा उठवायचं. कागदाला जे तेल वर्ज्य, ते ताडपत्राला औषध. हे चोळणं थांबलं की पान कडक होतं आणि उचलताना मोडतं.

मूडबिद्रीला ते थांबलं होतं.

दक्षिण कन्नड जिल्ह्यातलं मूडबिद्री हे दिगंबर जैनांचं तीर्थ. सोलापूरच्या कित्येकपट पाऊस तिथे पडतो. षट्खंडागमावर वीरसेनाचार्यांनी इसवी सन ८१६मध्ये पूर्ण केलेली ‘धवला’ ही प्रचंड टीका आणि तिच्या जोडीची ‘जयधवला’ यांच्या जुन्या कन्नड लिपीतल्या ताडपत्र प्रती साऱ्या भारतात फक्त इथे उरल्या होत्या. धवलेचा विस्तार बहात्तर हजार श्लोकांएवढा मानतात. या प्रती कुणी वाचत नव्हतं. यात्रेकरू येत, दुरून दर्शन घेत आणि पुढे जात.

१८८३ साली मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी संघ घेऊन मूडबिद्रीला गेले. रत्नांच्या मूर्तींसोबत त्यांना या पोथ्यांचंही दर्शन घडलं. ताडपत्रं जीर्ण झाली होती. हे कुणाला वाचता येतं का, असं त्यांनी पंचांना विचारलं. आम्ही दर्शनातच धन्यता मानतो, पण श्रवणबेळगोळला ब्रह्मसूरी शास्त्री आहेत, त्यांना ही लिपी वाचता येते, असं उत्तर मिळालं. परतल्यावर माणिकचंदांनी सोलापूरला पत्र धाडलं.

पत्र ज्यांना गेलं ते शेठ हिराचंद नेमचंद दोशी. सोलापूरचे व्यापारी, समाजसुधारक, १८८०च्या दशकात सोलापुरातून निघालेल्या ‘जैन बोधक’ या नियतकालिकाचे प्रवर्तक; शहरातलं हिराचंद नेमचंद वाचनालय आजही त्यांचं नाव चालवतं. पुढच्या वर्षी ते स्वतः ब्रह्मसूरी शास्त्रींना सोबत घेऊन मूडबिद्रीला गेले. शास्त्रींनी धवलेचं मंगलाचरण मोठ्याने वाचून दाखवलं. कित्येक पिढ्यांत तो मजकूर तिथे कुणाच्या कानावर पडला नव्हता.

या प्रती नकलून घ्यायच्या असं ठरलं, पण ठरणं आणि होणं यांत दहा-बारा वर्षं गेली. धर्मग्रंथ बाहेर गेले तर त्यांचा अविनय होईल, कुणी छापतील, अशी मूडबिद्रीकरांना धास्ती होती. ती अगदीच निराधार नव्हती. त्या काळात शास्त्रग्रंथ छापावेत की नाही यावर जैन समाजात चांगलंच रण माजलं होतं. शेवटी १८९५च्या सुमारास माणिकचंद आणि हिराचंद यांनी शंभर-शंभर रुपयांच्या वर्गण्या जमवल्या, निधी दहा हजारांच्या वर गेला आणि ब्रह्मसूरी शास्त्री व गजपती शास्त्री यांच्या हातून नकलेचं काम सुरू झालं. ब्रह्मसूरी लवकरच वारले. गजपती शास्त्रींनी नेट धरला आणि सोळा वर्षं खपून देवनागरी नक्कल पुरी करत आणली. इतरांनी कन्नड लिपीतली नक्कल केली. सगळं काम आटोपायला १९२२ साल उजाडलं. अट एकच होती : नकलासुद्धा मूडबिद्रीतून बाहेर जायच्या नाहीत.

इथे गोष्टीला वळण लागलं. गजपती शास्त्री दिवसा मंदिरात लिहीत होते आणि घरी, पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीने, गुपचूप कन्नड लिपीत दुसरी प्रत उतरवत होते. १९१५ साली ती प्रत घेऊन ते थेट सोलापूरला हिराचंदांकडे आले. मोबदला द्या आणि ही प्रत तुमच्या मंदिरात ठेवा, असं त्यांचं म्हणणं. ज्या ग्रंथासाठी हिराचंदांनी तीस वर्षं घालवली तो त्यांच्या दारात आला होता. त्यांनी तो घेतला नाही. मूडबिद्रीकरांना शब्द दिला होता. गजपती शास्त्री पुढे उत्तरेत सहारनपूरला गेले, तिथे लाला जंबूप्रसाद यांनी प्रत घेतली. कन्नडवरून ती देवनागरीत उतरवायचं काम सीताराम शास्त्रींकडे आलं, आणि त्यांनीही आपल्यापुरती एक प्रत गुपचूप करून ठेवली! त्या प्रतीवरून नकला झाल्या आणि आरा, कारंजा, अमरावती अशा ठिकाणी पोचल्या.

अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी या प्रती ताडून पाहत संपादन हाती घेतलं. १९३९ साली धवलेचा पहिला खंड छापून निघाला. पुढे सोळा खंड झाले. मूडबिद्रीकरांनीही मन मोठं केलं आणि मूळ ताडपत्रांशी पाठ पडताळून द्यायला मदत केली. पडताळणीत नकलांमधून गळलेल्या ओळी सापडल्या आणि मूळ प्रतीतली काही पानंच हरवल्याचंही दिसलं. ती पानं आता कुठेच नाहीत.

सोलापूर या कामातून बाहेर पडलं नव्हतं. १९४१ साली ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी तीस हजार रुपयांची देणगी देऊन जैन संस्कृती संरक्षक संघाचा पाया घातला आणि काही वर्षांनी आपली सगळी मालमत्ता संघाला दिली. संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ ‘तिलोयपण्णत्ती’ १९४३मध्ये आला. संपादक होते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये आणि तेच हिरालाल जैन. धवलेची सुधारलेली आवृत्ती १९७३पासून सोलापुरातूनच निघाली. त्याआधी १९६५मध्ये सोलापूरच्या पंडिता सुमतीबाई शहा यांनी षट्खंडागमाचं एका खंडातलं संपादन केलं होतं. आचार्य शांतिसागरांच्या प्रेरणेने तर हे ग्रंथ तांब्याच्या पत्र्यांवर कोरून फलटणला ठेवले गेले. तांब्याला ना कसर लागते ना बुरशी.

ग्रंथांना असे वाली मिळाले. पत्रं आणि हिशेब यांना ते उशिरा मिळाले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे मराठी दप्तरांच्या शोधात गावोगाव हिंडत होते तेव्हा वाड्यांच्या माळ्यांवर कागदांचे ढीग उंदीर, वाळवी आणि गळतीच्या हवाली होते. पानिपतच्या काळातल्या पत्रांचा त्यांचा पहिला खंड १८९८मध्ये आला, एकूण बावीस खंड झाले, आणि १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. पेशव्यांचं सरकारी दप्तर इंग्रजांनी इनामांच्या चौकशीसाठी सांभाळलं. १८९१मध्ये त्याला पुण्यात स्वतंत्र दगडी इमारत मिळाली. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातून निवडून काढलेले पंचेचाळीस खंड १९३०नंतर चार-पाच वर्षांत निघाले. ते खंड निघाले म्हणजे तेवढे रुमाल उघडले गेले, तेवढ्या कागदांवरची धूळ झटकली गेली.

दरम्यान कलकत्त्यात १८९१ साली इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट स्थापन झालं. आजचं दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार ते हेच. कागद दुरुस्तीची शास्त्रोक्त पद्धत तिथे बसली. फाटक्या कागदावर शिफॉनचं झिरझिरीत कापड चिकटवायचं, खळ मैद्याची, आणि त्या खळीला बुरशी-कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. बुरशीसाठी धुरीचं कपाट असे. खालच्या कप्प्यात चाळीस वॉटचा दिवा, त्यावर बशीत थायमॉलचे खडे, वर जाळीवर पानं उलगडून ठेवलेले कागद. रोज दोनेक तास दिवा लावायचा, थायमॉलची वाफ कागदांतून फिरू द्यायची, असं आठवडाभर चालायचं.

हे थायमॉल म्हणजे आपल्या ओव्याचा अर्क. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातून ओवा पोत्यांनी जर्मनीला जाई आणि तिथे त्यातून थायमॉल काढत. पोटदुखीवर आजी जो ओवा चावायला देते त्याच्या वाफेने निम्म्या जगाची दप्तरं धुपवली जात होती. पुढे लक्षात आलं की थायमॉल कपाटातून काढल्यावर कागदात टिकत नाही, म्हणजे पुन्हा ओल लागली की पुन्हा बुरशी. शिवाय काही शाया आणि रंग त्याने बिघडतात आणि माणसाच्या फुप्फुसांनाही ते बरं नाही. धुरी मागे पडली. तीच गत लॅमिनेशनची. विसाव्या शतकाच्या मध्यावर सेल्युलोज ॲसिटेटच्या पातळ पापुद्र्यात कागद बंद करणं हा शेवटचा शब्द वाटत होता. पण पापुद्र्यात आम्ल आणि ओलही बंद होते. आज चौकातल्या दुकानात जन्मदाखला किंवा जुनं खरेदीखत प्लास्टिकमध्ये भाजून घेणारे लोक तोच प्रकार करतात, आणि तो उलटवता येत नाही.

भिजलेल्या कागदाचा अनुभव सोलापूर जिल्ह्याने अलीकडे मोठ्या प्रमाणावर घेतला. ऑक्टोबर २०२०मध्ये भीमेला आणि सप्टेंबर २०२५मध्ये सीनेला पूर आला, काठच्या गावांत घरांत पाणी शिरलं. अशा वेळी धान्याबरोबर ट्रंकेतली फाइलही भिजते : सातबारा, सोसायटीचे कागद, मुलांचे दाखले, लग्नाआधीची पत्रं. भिजलेल्या कागदावर बुरशी धरायला दोन दिवस पुरतात. त्या दोन दिवसांत कागद सुटे करून सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर पसरावेत, मध्ये टीपकागद किंवा कोरा कागद घालावा आणि तो भिजला की बदलावा. एकमेकांना चिकटलेली पानं ओढू नयेत. गठ्ठा मोठा असेल आणि वाळवायला जागा नसेल तर तो पिशवीत घालून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि थोडे थोडे काढून वाळवता येतात.

बुरशी धरलीच असेल तर आधी ती जिवंत आहे की वाळलेली हे पाहायचं. मऊ ब्रशचं टोक लावलं की जिवंत बुरशी चिकट रेघेसारखी पसरते, वाळलेली पुडीसारखी सुटते. पसरली तर हात लावायचा नाही, आधी कोरडं होऊ द्यायचं. पुडी होत असेल तर काम अंगणात किंवा गच्चीवर करायचं, वारा पाठीकडून येईल असं बसायचं, तोंडाला एन-९५ मास्क, हातात मोजे. खाली रद्दी अंथरायची. ब्रश पानाच्या मधून कडेकडे, एकाच दिशेने, जेमतेम टेकवत न्यायचा. फुंकर मारायची नाही. मेलेल्या बुरशीचे कणही दम्याच्या माणसाला पुरे होतात. रद्दी गुंडाळून पिशवीत बंद करून टाकायची आणि तो ब्रश दुसऱ्या कागदाला लावायचा नाही. तांबूस-जांभळा डाग उरतो. तो तसाच राहू द्यायचा, कारण घासला तर खळ खाल्लेला कागद तिथे फाटतो. ऊन कोवळं असलं तरी पानांवर थेट घेऊ नये. श्रुतपंचमीलाही हस्तलिखितांना हवा दिली जाते ती छताखालीच बरी.

सरकारी कपाटांची वेळ २०२३मध्ये आली. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आधी मराठवाड्यासाठी आणि मग साऱ्या राज्यासाठी. तहसील कार्यालयांतली आणि भूमी अभिलेखांतली बासनं उघडली गेली. खासरापत्रकं, कुळनोंदवह्या, शाळांची जनरल रजिस्टरं, जन्म-मृत्यूच्या नोंदी असलेला गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुक. बरंचसं मोडीत. मोडी वाचणारी माणसं एकाएकी हवीहवीशी झाली, प्रशिक्षणवर्गांत गर्दी झाली, आणि वाचकाच्या हाती वही जाण्याआधी कुणाला तरी ती झाडून घ्यावी लागत होती. लाखो नोंदी निघाल्या, त्यांची छायाचित्रं संगणकावर चढली. वह्या परत कपाटांत गेल्या. एखाद्या नोंदीच्या खरेपणावर वाद होऊन प्रकरण जात पडताळणी समितीपुढे किंवा न्यायालयात गेलं, की तिथे छायाचित्रावर भागत नाही. मूळ वही हजर करायला सांगतात.